नायगावची लेक आणि गंजपेठेतले घर

पुण्या-मुंबईत आम्ही खंडाळ्याचे म्हणून सांगितले की समोरचा माणूस लगेच म्हणतो, "वा, थंड हवेचे ठिकाण!" त्याला वाटते, लोणावळ्याशेजारचा खंडाळा. मग सांगावे लागते, की बाबा, तो खंडाळा वेगळा. आमचा सातारा जिल्ह्यातला, पुण्याकडून येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडचा. आमच्याकडे हवा खायला कोणी येत नाही. उलट आमचीच माणसे पोटासाठी बाहेर गेली. कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी पुण्याला हमालीला, आता शिरवळच्या कंपन्यांत. पण आमच्या तालुक्यात नायगाव आहे आणि नायगावात सावित्रीमाईंचे माहेर आहे. तेवढे एक सांगितले की समोरच्याचा आवाज बदलतो.

दरवर्षी ३ जानेवारीला आम्ही नायगावला जातो. यंदा जयंतीच्या तयारीसाठी विहारात बसलो असताना नववीतल्या एका मुलीने विचारले, "सावित्रीबाईंचे माहेर आपण दरवर्षी बघतो. त्या नांदायला गेल्या ते घर आहे का कुठे?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. पंचवीस-तीस माणसांत ते घर पाहिलेली दोनच निघाली, तीही कधीतरी मोर्चाला गेली असताना, घाईत. एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे लेकीचं सासर कुणी बघितलंच न्हाई व्हय? मग जाऊ या की." तिथेच जायचे ठरले.

स्वतंत्र गाडी करणे आम्हाला परवडणारे नव्हते. एस.टी.नेच जायचे ठरवले. बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि आमच्यातल्या सर्वांत वडील आज्जींनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, त्यांना फुकट. भाकरी, ठेचा, बटाट्याची भाजी बांधून घेतली. आधी नायगाव, मग पुणे, असा बेत केला. माहेराहून निघून सासरी पोचायचे, हा क्रम मावशींनीच लावून दिला होता.

नायगावचे नेवसे पाटलांचे घर आता दुरुस्त करून नीट ठेवले आहे. गावच्या पाटलाचे घर ते. खंडोजी पाटील आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई इथे जन्मल्या. १८४० साली लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि नवरा तेरा वर्षांचा. नवऱ्याचे मूळ गावही आपल्याच जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले कटगुण. आडनाव गोऱ्हे. आधीच्या पिढ्यांनी पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून फुले हे नाव पडले. म्हणजे पुण्याच्या ज्या घराला आज सगळा महाराष्ट्र नमस्कार करतो, ते घर सातारकडच्या दोन कुळांनी उभे केलेले आहे. आमच्यातले एक काका हे ऐकून जरा ताठ बसले!

या माहेरच्या घरात बसूनच सावित्रीबाईंनी नवऱ्याला पत्रे लिहिली. आज बायका माहेराहून फोन करतात. त्या काळी लिहिता येणारी बाईच विरळा. त्यांची जी तीन पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांतली दोन नायगावची आहेत. पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे. त्या आजारी पडून विश्रांतीला आल्या होत्या. भाऊ त्यांना बोलला, की तू आणि तुझा नवरा महारा-मांगांसाठी कामे करता, तुम्हाला वाळीत टाकले आहे, भटजी सांगतात तसे वागावे. सावित्रीबाईंनी भावाला सरळ विचारले, की तू गाय-बकरी कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग माणसाचा विटाळ का मानतोस? आई ऐकून रडू लागली. हे त्या घरातच घडले. आम्ही त्या चुलीपाशी उभे राहून मुलांना ही हकीकत सांगितली. आज्जी म्हणाल्या, "सख्ख्या भावाला बोलायला लई काळीज लागतं." दुसऱ्या पत्राचे पुढे सांगतो, त्याची जागा पुण्यात आहे.

शिरवळला पुण्याची गाडी मिळाली. सारोळ्याला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा संपतो. नऊ वर्षांची पोर बैलगाडीतून इथूनच गेली असेल. पुढे कात्रजचा घाट आणि जुना बोगदा. जोतीरावांनी पोटासाठी कंत्राटदारी केली. या बोगद्याच्या कामातही त्यांच्या कंपनीचा हात होता, असे त्यांचे चरित्र लिहिणारे सांगतात. समाजकार्य करणारा माणूस खातो काय, असा प्रश्न मुलांना नेहमी पडतो. जोतीरावांपुरते उत्तर हे, की स्वतःच्या मेहनतीचे. शाळेच्या, अनाथांच्या नावावर त्यांनी प्रपंच चालवला नाही. उलट प्रपंचाचा पैसा तिकडे घातला.

स्वारगेटला उतरून आम्ही गंजपेठेत पायीच गेलो. या पेठेला आता महात्मा फुले पेठ नाव आहे, पण तोंडात गंजपेठच बसली आहे. अरुंद गल्ल्या, घराला घर चिकटलेले, दारापुढे पाण्याचे पिंप आणि मोटारसायकली. शेजारी लोहियानगरची दाट वस्ती. थोडक्यात, आपल्यासारख्याच माणसांची वस्ती. 'समता भूमी' कुठे, असे एका चहावाल्याला विचारले, तर त्याने हातातला कप ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन वाट दाखवली.

आत शिरल्यावर पहिला शब्द एका भगिनीच्या तोंडून निघाला, "एवढंच?"

तिचा दोष नाही. 'फुले वाडा' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सरदाराचा वाडा येतो. दिंडी दरवाजा, चौक, दुमजली माड्या. इथे तसे काही नाही. कौलारू छपराचे बसके घर, लाकडी खांब, लहान लहान खोल्या, मोकळे आवार, विहीर आणि मागे समाधी. 'वाडा' हे नाव आदराने पडले आहे. हे आहे राहते घर. १८५२ च्या सुमाराला ते बांधले असे सांगतात. त्याआधी तीन वर्षे, १८४९ साली, मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवतात म्हणून वडील गोविंदरावांनी लोकांच्या दडपणाखाली या दोघांना घराबाहेर काढले होते. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना गंजपेठेतच आसरा दिला. डोक्यावरचे छप्पर जाणे म्हणजे काय, हे ऐन तारुण्यात सोसलेल्या दोन माणसांचे हे घर आहे. पुढे या घराचे दार ज्या ज्या लोकांना उघडले, ते पाहिले की वाटते, तो दिवस ती दोघे कधी विसरली नसावीत.

इथे राहून गेलेल्यांची यादी आम्ही अंगणात बसून मुलांकडून तोंडी करून घेतली. ती यादी ऐकाल तर त्या लहान खोल्या मोठ्या वाटू लागतील.

पहिली आठवण मारेकऱ्यांची. १८५६ सालची ही गोष्ट सांगतात. पैशाच्या आमिषाने दोन माणसे रात्री जोतीरावांना मारायला आली. एक रोडे नावाचा रामोशी, दुसरा धोंडीराम कुंभार. जोतीराव जागे झाले, त्यांनी विचारपूस केली. मला मारून तुमच्या पोराबाळांचे भले होत असेल तर मारा, असे म्हणाले. त्या दोघांनी हत्यारे टाकली. एक पुढे त्यांचा रखवालदार झाला आणि दुसरा शिकून त्यांच्या कामातला विद्वान सहकारी झाला. आमच्यातल्या लहान पोरांना ही गोष्ट इतकी आवडली, की ती दोघे कुठल्या दारातून आत आली असतील, यावर त्यांच्यात भांडण लागले.

त्यानंतर विधवा. त्या काळी ब्राह्मण घरांतल्या बालविधवांना दुसरे लग्न नव्हते. घरातलाच कोणीतरी पुरुष फसवायचा आणि दिवस गेले की नाव त्या बाईचे बद्दू व्हायचे. जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या एका विधवेवर हीच पाळी आली. तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची, अंदमानची शिक्षा झाली. फसवणारा मोकळा राहिला. या दोघांना ही गोष्ट सोसली नाही. १८६३ साली त्यांनी आपल्या राहत्या जागी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि भिंतींवर जाहीर कागद लावले, की विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे. जोतीरावांनी १८८४ च्या डिसेंबरात सरकारला पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे, की तोपर्यंत पस्तीस जणी येऊन गेल्या.

पस्तीस बाळंतपणे! आमच्या बरोबरच्या बायकांनी हा आकडा ऐकला आणि त्या गप्प झाल्या. शेक-शेगडी, उकळलेले पाणी, डिंक-अळीव, रात्रीची रडारड, हे सगळे एक बाई वर्षानुवर्षे करत होती. तिला स्वतःला मूल नव्हते. मुलींची शाळा काढल्याबद्दल सावित्रीमाईंचे नाव आपण घेतो, ते बरोबरच आहे. पण आमच्या मते या घरातले काम त्याहून कमी नव्हते. आणि ज्या जातीच्या लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकले, त्याच जातीच्या लेकींची ही बाळंतपणे होती. अशाच एका विधवेचा, काशीबाई नावाच्याच दुसऱ्या बाईचा मुलगा १८७४ साली त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केले.

आता पाणी. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे त्याआधी एकोणसाठ वर्षे पुण्यातल्या एका घराने, कोणी मागणी केली नसताना, दार उघडून सांगितले की या आणि भरून न्या. पेशवाई जाऊन तेव्हा पन्नासच वर्षे झाली होती.

त्याच १८६८ सालचे, २९ ऑगस्टचे, सावित्रीबाईंचे दुसरे पत्र आहे. तेही नायगावचे, आपल्या खंडाळा पेट्यातले. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचे एकमेकांवर मन बसले. तिला सहावा महिना लागला. गावाला कळले, तेव्हा लोकांनी दोघांना धरून मारत, वाजतगाजत गावातून फिरवले. मारूनच टाकणार होते. सावित्रीबाईंना समजताच त्या धावत गेल्या. इंग्रजांच्या कायद्याने खुनाला काय शिक्षा होते, ते सांगून त्यांनी जमावाला घाबरवले. शेवटी दोघांनी गाव सोडून जावे, यावर तडजोड झाली. सावित्रीबाईंनी त्या दोघांना नवऱ्याकडे, म्हणजे या घराकडे पाठवले.

आम्ही हे सांगितले तेव्हा मघाशी "एवढंच?" म्हणालेल्या भगिनी पुढे येऊन खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. शारजा आमच्याच तालुक्याच्या रानातली लेक. ती आमच्यापैकी कोणाची तरी खापरपणजी शोभली असती. तिच्यासारख्या पोरी आजही महाराष्ट्रात मारल्या जातात. मारणारा बाप किंवा भाऊ असतो. तेव्हा मध्ये धावत जाणारी बाई गावागावात असतेच असे नाही.

आज्जी विहिरीपाशी गेल्या. कठड्यावर हात टेकून बराच वेळ आत बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, की त्या लहान असताना गावच्या विहिरीजवळ कळशी घेऊन तासन् तास बसावे लागे. कोणाला दया आली तर वरून ओतायचे, तेही आपली कळशी शिवू नये म्हणून उंचावरून. निम्मे पाणी मातीत जायचे. आईला सांगायची सोय नव्हती, ती कमी पाण्याबद्दल रागवायची. आम्ही आज्जींना इतकी वर्षे ओळखतो, पण ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. नातीने बाटलीतले पाणी पुढे केले. आज्जी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तहान न्हाई लागली."

मागच्या अंगणात समाधी आहे. तिची हकीकत निराळीच आहे. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केले. आपल्याला जाळू नये, घरामागे मिठात पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. खड्डाही काढून ठेवला होता. १८८८ साली लोकांनी मुंबईत त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढले. २८ नोव्हेंबर १८९० ला पहाटे ते गेले. राहत्या वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. त्यात दत्तक मुलाने टिटवे धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवे हातात घेऊन प्रेतयात्रेपुढे चालल्या. नंतर त्यांनी अस्थी या घरामागे आणून पुरल्या आणि वर पादुका बसवल्या.

नंतर सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. डॉक्टर यशवंतांनी हडपसरकडे ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी पडल्याचे कळले. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

इथपर्यंतची कथा आपल्याकडे भाषणांतून सांगितली जाते. पण घर तिथे संपत नाही. पुढे काही वर्षांनी डॉक्टर यशवंतही वारले. मागे पत्नी चंद्रभागाबाई आणि लहान मुलगी राहिल्या. कमावते कोणी नाही. घरातली चीजवस्तू विकून दिवस काढले. अखेर १९१० साली त्यांनी हे घर अवघ्या शंभर रुपयांना विकले, असे फुले चरित्राच्या अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. पुढचे आयुष्य या बाईने रामेश्वराच्या देवळाच्या आसऱ्याने, निराधार म्हणून काढले.

ज्या घरात पस्तीस परक्या लेकी बाळंत झाल्या, त्या घरची सून देवळाच्या पायरीवर. आम्ही कोणाला दोष देत नाही. पण स्पष्ट बोलायचे तर सत्यशोधकांच्या नावावर पुढे मोठे झालेले लोक त्या काळी पुण्यात थोडे नव्हते. आपल्याही चळवळीत हे घडते. कार्यकर्ता गेला की शोकसभा होते, हार पडतात, आणि सहा महिन्यांनी त्याच्या बायकोला खोलीचे भाडे कसे भरतेस, म्हणून विचारायला कोणी जात नाही. परतीच्या वाटेवर आमच्या बायकांनी याच गोष्टीवर एकमेकींना नावे घेऊन प्रश्न विचारले. ती नावे इथे देत नाही. पण दोन घरांना पुढच्या महिन्यापासून किराणा पोचवायचे तिथेच ठरले.

पुढे हे घर लोकांच्या आणि शासनाच्या ताब्यात आले. राज्य शासनाने ते संरक्षित स्मारक केले. जवळच सावित्रीबाईंचे वेगळे स्मारक आहे. दोन्ही जोडून आवार वाढवायची योजना आहे. वाढवावे, आमचा विरोध नाही. मात्र मधल्या घरांत राहणारी माणसे याच गल्लीत, जवळपास, पक्क्या छपराखाली राहिली पाहिजेत. ज्यांना १८४९ साली घराबाहेर काढले होते, त्यांच्या स्मारकासाठी कोणी बेघर झालेले बरे दिसणार नाही.

बुधवार पेठेतला भिडे वाडा बघायचा राहिला, कारण तो आता नाही. तात्यासाहेब भिड्यांच्या त्या वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा भरली. अनेक वर्षे तो कोर्टकज्जात पडून मोडकळीला आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. आमच्यातल्या एका मास्तरांचे म्हणणे, की पाडला नसता तर तो अंगावर पडला असता. असेल. पण मुलांना हात लावून बघायला मूळची भिंत लागते, आणि ती आता गंजपेठेत आणि नायगावातच उरली आहे. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना आपले गुरू मानले, १९४६ साली शूद्रांवरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. त्या गुरूची राहती जागा आपल्या खंडाळ्याहून एका एस.टी.च्या तिकिटावर आहे.

जाणाऱ्यांनी स्वारगेटला उतरावे. चालत जाता येते, म्हाताऱ्या माणसांसाठी रिक्षा करावी. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबरला गर्दी असते, तेव्हा सगळे मिळून घोषणा द्यायला बरे. पण घर बघायचे असेल तर आडदिवशी, सकाळी जावे. मुलांना वही-पेन्सिल द्यावी. डबा गल्लीत खाऊन कागद तिथेच टाकू नयेत. आमच्या एका चिरंजीवाने टाकले, ते शेजारच्या घरातल्या बाईंनी न बोलता उचलले, आणि आम्हाला लाज वाटली.

संध्याकाळच्या गाडीला उभे राहायलाही जागा नव्हती. कात्रजपर्यंत आज्जी दांडी धरून उभ्या होत्या. मग एका कॉलेजच्या मुलीने उठून जागा दिली. आज्जींनी तिला विचारले, "कुठल्या गं तू?" ती म्हणाली, "शिरवळची. पुण्याला शिकायला येते, रोज." आज्जींनी तिला आपल्या शेजारी निम्म्या जागेवर बसवून घेतले. नीरेच्या पुलापर्यंत त्या तिला गंजपेठेतले ते घर सांगत होत्या.